निळ्या बैलाची परतीची फेरी

कागदावर माझी मोपेड ताशी शहाण्णव किलोमीटरनं पळाली, तिथून हे सगळं सुरू झालं. कागदावर खड्डे नसतात, समोरून वारा येत नाही आणि मुख्य म्हणजे कागदावर शेजारी नसतात.

ही मोपेड पन्नास सीसीची, दोन स्ट्रोकची आणि निळी आहे. कडेगावात मी तिच्यावरून कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवायला जाते. हंगामात उसाच्या ट्रॉल्या मला ओलांडून जातात, आणि ट्रॉलीवर बसलेली माणसं जाताजाता एखादा ऊस उपसून, सोलून माझ्या हातात देतात. तेवढा निवांत वेळ त्यांना मिळतो.

पुण्यात हौशी लोकांचा एक संघ आहे. तो जमिनीवरच्या वेगाचे विक्रम नोंदवतो. मोठ्या गाड्यांचे आकडे वाचून मला काही वाटलं नाही. पण सगळ्यात खालच्या ओळीत 'पन्नास सीसी, दोन स्ट्रोक' असा एक दुर्लक्षित वर्ग होता आणि त्याच्यापुढं लिहिलं होतं, एकाहत्तर. मी पेन्सिल हातात घेतली. माझ्या नावापुढं तसे पुष्कळ आकडे आहेत. आधारचा आहे, पॅनचा आहे, गॅसच्या ग्राहकाचा आहे. पण ते सगळे मला दुसऱ्यांनी वाटलेले आकडे. एखादा तरी आकडा आपण स्वतः मोजून मिळवलेला असावा, एवढीच माझी इच्छा होती. पेन्सिल खाली ठेवली तेव्हा कागदावर शहाण्णव होतं आणि चुलीवरचं, म्हणजे गॅसवरचं, दूध उतू गेलं होतं.

दोन स्ट्रोकच्या इंजिनाची मला ओढ आहे, कारण ते अर्धवट स्वप्नात असल्यासारखं चालतं. जुना धूर बाहेर जात असतानाच नवं पेट्रोल आत येतं, आणि त्यातलं थोडं जुन्याच्या नादानं वाहवत बाहेर निघतं. पण सायलेन्सर आधी पसरत जाणारा आणि मग निमुळता होणारा असा केला, तर दाबाची एक लाट त्याच्या टोकापर्यंत जाऊन मागं फिरते आणि वाहवत निघालेल्याला पुन्हा घरात ढकलते. लाट लवकर परतली तर उपयोग नाही. उशिरा परतली तर दार बंद झालेलं असतं. या परतणाऱ्या लाटेच्या विचारात मी परीक्षेच्या हॉलमध्ये कितीतरी दुपारी घालवल्या. त्या वर्षी आमच्या केंद्राचा निकाल फार चांगला लागला.

सायलेन्सरचं चित्र घेऊन मी तानाजी मेस्त्रींच्या गॅरेजात गेले. त्यांनी कागद उभा धरला, आडवा धरला.

"मॅडम, ही सनई कुणाच्या लग्नात वाजवायची?"

"सायलेन्सर आहे."

"मग ह्यात सायलेंट काय हाय?"

प्रश्न बिनतोड होता. त्यांनी धान्याच्या जुन्या कोठीचा पत्रा कापून ती सनई बनवली. आत सिलिंडरच्या खिडक्या मी सांगेन तेवढ्या घासून मोठ्या केल्या, आणि मी सांगितलं नव्हतं तेवढी एक जास्त घासली. "जरा मोकळं बरं असतंय, हवा खेळती ऱ्हाते," असं त्यांचं म्हणणं पडलं, जणू मी स्वयंपाकघराबद्दल बोलत होते. तो सिलिंडर गेला. दुसरा आणला. दुसरा बसवून गाडी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा समोरच्या मंगल कार्यालयातले दोन वऱ्हाडी 'निघाली वाटतं वरात' म्हणत बाहेर आले आणि थोडे नाचूनही गेले.

गल्लीत बातमी पसरली. आमच्या शेजारचे लालासाहेब फौजेच्या वर्कशॉपमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मला न विचारता मोहिमेची सूत्रं हातात घेतली.

"मॅडम, फौज में पहले गाडी धुतात. धुतलेली गाडी दोन किलोमीटर जादा पळते. अनुभव हाय."

त्यानंतर रोज सकाळी ते मोपेड धुऊ लागले. हवेची जाळी मी मुद्दाम काढून टाकली होती, म्हणजे इंजिनाला मोकळा श्वास घेता यावा. त्या उघड्या तोंडातून ते इतक्या निष्ठेनं पाणी मारत की पहिला अर्धा तास गाडी फक्त वाफ सोडायची. मी हळूच सांगून पाहिलं. "मॅडम, शिस्त म्हणजे शिस्त," एवढंच उत्तर आलं. शेवटी मी रोज त्या तोंडाला दह्याच्या वाटीवरचं झाकण बसवू लागले.

मग तेलाचा प्रश्न आला. दोन स्ट्रोकच्या गाडीत पेट्रोलमध्येच तेल घालतात. आताच्या पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल असतं, आणि त्याच्याशी गोडीनं राहणारं, शिवाय प्रचंड तापलं तरी पोलादाला न सोडणारं तेल म्हणजे एरंडेल. जगभरचे शर्यतवाले ते वापरत आले आहेत. मी औषधाच्या दुकानात जाऊन लिटरभर एरंडेल मागितलं.

"लिटर?" दुकानदारानं चष्मा काढला. "घरात माणसं किती?"

"दोघं."

"कधीपासून त्रास हाय?"

"मला नको आहे. गाडीला हवंय."

"असू दे, असू दे," तो फार मायेनं म्हणाला. "लाजायचं काय त्यात?"

संध्याकाळी लालासाहेबांच्या पत्नी बनुबाई पातेलीभर मऊ भात आणि मेतकूट घेऊन आल्या. "एकदम एवढं घेऊ नका वैनी. सुंठीच्या काढ्यातून घ्या," असं कानात सांगून गेल्या. आमचे यजमान धैर्यशीलराव साखर कारखान्यात शेतकी अधिकारी आहेत. कमी बोलतात. त्या दिवशी जेवताना म्हणाले, "बाहेर उसाचा हंगाम संपला. आता घरात एरंडाचं गुऱ्हाळ." आणि मऊ भात तेवढा त्यांनीच संपवला.

गाडी चालवणार कोण, हा प्रश्न मी मनात बरेच दिवस मागं ढकलला होता. हलका माणूस हवा होता. आमच्या भागात हलका पुरुष मिळणं अवघड, कारण ज्याला त्याला तालमीचा इतिहास असतो. धैर्यशीलरावांनी आम्हा सगळ्यांना कारखान्याच्या वजनकाट्यावर एकेक करून उभं केलं. उसाच्या ट्रॉल्यांच्या त्या काट्याला दहा किलोच्या खालचं काही कळत नाही. त्यानं लालासाहेबांना शंभर म्हटलं, तानाजी मेस्त्रींना एकशे दहा म्हटलं आणि माझ्या वेळी बराच विचार करून पन्नास म्हटलं. अशा रीतीनं मी चालक झाले.

नियमात अंगभर जाड कातड्याचा पोशाख सांगितला होता. तो कडेगावात मिळेना, म्हणून मी गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्याकडं माप दिलं. त्यानं ट्रॅक्टरच्या सीटच्या तांबड्या रेक्झिनचा अप्रतिम पोशाख शिवला. टाका न् टाका सरळ. घरी आणून पाहते तर हाताच्या सवयीनं त्यानं पाठीवर पिवळ्या रेक्झिनची अक्षरं बसवून टाकली होती : 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. वयाच्या बावन्नाव्या वर्षी पाठीवर हे घेऊन फिरणं कसं वाटेल याचा मी विचार करत राहिले. मग वाटलं, खोटं तर काही लिहिलेलं नाही.

आता जागा. वेगाचे विक्रम परदेशात सुकलेल्या तळ्यांत करतात, कारण तळ्याच्या तळाइतकं सपाट जगात काही नसतं. सुकलेलं तळं शोधायला आम्हाला फार लांब जावं लागलं नाही. कडेगावच्या पूर्वेला ऊस हळूहळू संपतो, मग ज्वारी संपते, मग नुसता माळ उरतो. तिथल्या एका वाडीला पाझर तलाव होता. मी पहिल्यांदा त्याच्या तळात उतरले तेव्हा वैशाखातली संध्याकाळ होती. माती तडकून तिचे षट्कोन झाले होते, पार दुसऱ्या टोकापर्यंत. वरची पापडी इतकी टणक की पाय वाजत होता. लांबवर एक मेंढरांचा कळप चालला होता आणि उन्हाच्या झळांमुळं तो जमिनीपासून वीतभर वर तरंगत होता. मी तिथं किती वेळ उभी होते माहीत नाही. धैर्यशीलरावांनी गाडीचा हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

वाडीतल्या दादासोंची माळावर शेती होती, आणि बैलगाडा शर्यतीत माइकवरून पुकारा करणारे म्हणून चार तालुक्यांत त्यांचं नाव होतं.

"चालवा की मॅडम," ते म्हणाले. "तळं आता कुणाच्या कामाचं हाय? कालव्याचं पाणी यायचं हाय म्हणत्यात ह्यात. पर ते म्हणत्यातच. आमी म्हातारं व्हायलो."

परवानगीसाठी मात्र कचेरीत जावं लागलं. पहिल्या टेबलावरच्या साहेबांनी नोंद काढली आणि मान हलवली.

"तलावात पाणी आहे."

"मी काल त्यात चालून आले."

"आमच्याकडं पाणी आहे. पाण्यात गाडी चालवायची परवानगी देता येत नाही. नौकानयनाची देता येईल."

मी बराच वेळ नौकानयनाचा गांभीर्यानं विचार केला. मग दुसऱ्या टेबलावरच्या भाऊसाहेबांना माझी दया आली. शर्यत म्हटलं की त्यांच्याकडं एकच छापील अर्ज होता, बैलगाड्यांचा. "तेवढा भरा, मी पुढं सरकवतो. फक्त रकाना मोकळा सोडायचा न्हाई," असं त्यांनी बजावलं. मी खोटं लिहीत नाही. म्हणून बैलाचं नाव 'निळ्या', रंग 'नावाप्रमाणे', शिंगं 'दोन, आखूड, टोकाला काळ्या मुठी' असं सगळं खरंखरं लिहिलं. जातीच्या रकान्यात 'दोन स्ट्रोक' लिहिलं. ते खोडून भाऊसाहेबांनी स्वतःच्या हातानं 'खिलार' केलं.

त्या अर्जाला पशुवैद्यकीय दाखला लागतो. डॉक्टर प्रियदर्शनी माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. तिनं मोपेडभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "मॅडम, जनावराला उत्तेजक काही दिलं नाही असं मला लिहावं लागतं. काही दिलंय का?"

"एरंडेल."

तिनं लिहिलं : 'जनावर शांत आहे. पोट साफ आहे. धावण्यास योग्य.'

विक्रमाचा नियम सोपा आहे. गाडी आखून दिलेल्या मोजपट्ट्यातून एकदा जायला हवी आणि तासाभरात उलट दिशेनं परत यायला हवी, म्हणजे वाऱ्याची किंवा उताराची मेहेरबानी कुणाच्या पदरात पडत नाही. दोन्ही फेऱ्यांची सरासरी धरतात. सरासरी वेगांची काढायची नसते, वेळांची काढायची असते. हे मी दर वर्षी वर्गात सांगते आणि दर वर्षी निम्मा वर्ग चुकतो. मी हे दादासोंना समजावलं तेव्हा त्यांनाही पटलं नाही.

"बैल फायनल मारून आला की गुलाल पडतोय, मॅडम. परत कशाला पळवायचा? त्यो काय इसरलाय व्हय काय तिकडं?"

ठरलेल्या दिवशी आम्ही सकाळी तलावावर पोचलो आणि मी थक्क झाले. काठावर माणसंच माणसं. ट्रॅक्टर भरभरून आलेली. बायका नव्या लुगड्यांत. चार हलगीवाले हलग्या शेकत बसलेले. गुलालाची पोती. भोंगा बाभळीला बांधलेला.

"एवढे लोक?" मी दादासोंना विचारलं.

"लय येणार अजून," दादासो म्हणाले आणि का कोण जाणे, माझ्या नजरेला नजर न देता माइक पुसू लागले.

मी सवयीनं पुढं बसणारी बाई नाही. सत्कार असला की मी शाल घेऊन येणारी असते, शाल घेणारी नसते. पण खरं सांगते, त्या सकाळी तांबड्या रेक्झिनमध्ये उकडत उभी असताना माझ्या छातीत काहीतरी फुललं. इतकी माणसं पन्नास सीसीसाठी उन्हात आली होती.

पुण्याहून आलेल्या निरीक्षकांनी मोजपट्ट्याच्या दोन्ही टोकांना आपली यंत्रं मांडली. तलावाची भिंत एका अंगाला आणि ज्या तोंडातून कधीतरी कालव्याचं पाणी आत यायचं ते फाटक दुसऱ्या अंगाला. मला भिंतीपासून फाटकाकडं जायचं होतं आणि परत भिंतीकडं यायचं होतं. जाताना किंचित चढ, येताना तेवढाच उतार. लालासाहेबांनी गाडी शेवटची धुतली. मी दह्याच्या वाटीचं झाकण काढलं. तानाजी मेस्त्रींनी ढकलत ढकलत मला सोडलं.

सुरुवातीला ती नेहमीसारखीच पळत होती. सनई खोकत होती. मग अचानक, कुणीतरी पाठीवर तळहात ठेवावा तसा मऊ धक्का बसला. लाट वेळेवर परतली होती. मी आडवी होऊन हँडलला चिकटले. आवाज वाढत गेला, एकसुरी झाला आणि मग मला ऐकू येईनासा झाला. षट्कोन एकमेकांत मिसळून गेले आणि जमीन दुधासारखी गुळगुळीत दिसू लागली. जळत्या एरंडेलाचा गोडसर वास होता. लहानपणी तापात पडल्यावर छत जसं लांब जातं तसा काठ लांब गेला. मला कुठं पोचायचं आहे हेही क्षणभर आठवत नव्हतं. फार शांत वाटत होतं.

फाटकाजवळ गाडी थांबली तेव्हा निरीक्षकांचा आवाज भोंग्यातून आला : चौऱ्याण्णव.

आणि काठावर एकच आरोळी उठली. हलग्या कडाडल्या. सगळी माणसं तलावात उतरून माझ्या दिशेनं पळत सुटली, गुलाल उधळत, पदर सावरत, म्हातारी माणसं काठ्या उगारत. मी गाडी स्टँडवर लावली. हेल्मेट काढलं. डोळे भरून आले होते आणि ते पुसावेत की तसेच ठेवावेत हे मला ठरवता येईना. मी दोन्ही हात जोडले.

माणसं आली आणि मला वळसा घालून पुढं गेली. एक बाई तर म्हणाली, "जरा सरा की वो बाजूला."

मी वळून पाहिलं. माझ्या मागं फाटक वर उचललेलं होतं आणि त्याखालून तांबूस, फेसाळ, काडीकचऱ्यासकट पाणी आत येत होतं.

दादासो धापा टाकत आले. "मॅडम, रागावू नगा. पाण्याची चाचणी आजच लागली. दोन दिस झालं कळून. तुमचं मन मोडवंना. म्हटलं, पाणी काय दुपारशिवाय पोचत न्हाई, तवर तुमचं उरकंल. सरकारी पाणी येळंच्या आदी येतंय, हे कुणी सपनात तरी बघितलं हुतं का?"

हलग्या पाण्यासाठी होत्या. गुलाल पाण्यासाठी होता. मी जोडलेले हात सावकाश सोडले आणि हातमोजे काढत असल्यासारखं केलं.

गाडी नेमकी फाटकासमोर उभी होती. लोकांनी पाण्यावर पोत्यानं गुलाल ओतला तो तिच्यावरही पडला, आणि तिच्या उघड्या तोंडातून थेट आत गेला. तानाजी मेस्त्रींनी कार्बोरेटर खोलला. आत गुलाबी चिखल होता. ते तोंडानं फुंकर मारून जेट साफ करू लागले आणि थोड्याच वेळात त्यांचे ओठ, मिशा आणि दात लग्नातल्या करवलीसारखे रंगले.

निरीक्षक घड्याळ बघत होते. मी मनात हिशेब केला. परतीला अठ्ठावन्न मिळाले तरी एकाहत्तर ओलांडता येत होते. अठ्ठावन्न, उतारावर! फक्त जमीन कोरडी हवी होती. आणि ही जमीन यापुढं कधी कोरडी पडणार नव्हती. पाणी आलं ते आलं. पुढच्या वर्षी इथं ज्वारीऐवजी काहीतरी हिरवं असणार होतं, आणि ते चांगलंच होतं. पण माझा आकडा आजच्याच तासात होता.

दादासोंनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. त्यांनी माइक बंद केला.

"मॅडम, फाटक पाडू का? अर्धा तास. चावी माझ्याकडं हाय."

भोवतीच्या बायकांनी ते ऐकलं. त्यांच्यात बयाबाई म्हणून एक होती, दादासोंची चुलत बहीण. ती मघापासून पाण्यात पाय बुडवून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, पाय मात्र हलवले नाहीत. कुणी काही म्हणालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"नको," मी म्हटलं. "पाणी भेगांत मुरतंय. फार सावकाश सरकतंय. मी त्याच्या पुढं निघून जाईन."

हे मी औदार्यानं म्हटलं नव्हतं, शास्त्रानं म्हटलं होतं. एका षट्कोनाची भेग भरायला किती वेळ लागतो ते मी डोळ्यांनी मोजलं होतं.

तानाजी मेस्त्रींनी कार्बोरेटर बसवला. गाडी गुलाबी धूर सोडत सुरू झाली. मी निघाले. पाण्याची कड पुष्कळ पुढं गेली होती, पण एका बाजूनं अजून कोरडी वाट होती, आणि तीच माझी वाट होती. पुन्हा तो मऊ तळहात पाठीवर आला. मोजपट्ट्यात शिरले तेव्हा अठ्ठावन्नपेक्षा नक्की जास्त होते. मी आजही शपथेवर सांगेन.

उतार मी माझ्या गाडीसाठी धरला होता. पाण्यासाठी धरायचा राहिला. भेगा भरल्यावर पाण्यानं चाल बदलली आणि ते पसरत, चकाकत, अगदी सहज मला आडवं आलं. दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंख उठले. क्षणभर खाली आभाळ होतं, ढगाचा एक पांढरा तुकडा होता आणि त्यावरून निळी मोपेड निघाली होती. मग तिनं उघड्या तोंडानं एक मोठा घोट घेतला आणि ती गप्प झाली.

मोजपट्ट्याचं दुसरं टोक समोर दिसत होतं. ढकलत नेलं तर चालत नाही, गाडीनं स्वतःच्या ताकदीनं जावं लागतं. मी पायडल मारून पाहिलं. परत मारलं. घोट्यापर्यंत पाणी आलं. तांबडं रेक्झिन खालून थंड होत गेलं. लांबून हलग्या ऐकू येत होत्या आणि निरीक्षक आपली यंत्रं पाण्यातून उचलून डोक्यावर घेऊन काठाकडं निघाले होते. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. फक्त काय करायचं ते सुचेना, म्हणून मी उभी राहिले.

काही वेळानं बयाबाई पाण्यातून चालत आली. नुसतीच आली, पाण्यात चालायला मिळतं म्हणून. माझ्याजवळ थांबून तिनं पाठीवरची अक्षरं वाचली. "आशीर्वाद हाय म्हंजे बरं हाय," म्हणाली. मग विचारलं, "किती पळाली वो?"

"जाताना चौऱ्याण्णव. येताना काहीच नाही."

"आन् हे पाणी किती पळतंय?"

एक काडी वाहत चालली होती. तिच्याकडं बघून मी म्हटलं, "माणूस सावकाश चालतो तेवढं."

"आत्ताचं न्हवं. मागनं धरून सांगा. माजं लगीन झालं त्या साली दांडकी रवून, फिती लावून गेलं सायेब. निघालंच म्हणालं पाणी नदीवरनं. तीस वर्सं झाली. चाळीस किलोमीटर हाय नदी."

प्रश्न नीट मांडलेला होता. अंतर होतं, वेळ होता. मी पाण्यात उभ्या उभ्या तोंडी गणित केलं आणि एकदा तपासून पाहिलं.

"ताशी पंधरा सेंटीमीटर."

"म्हंजी?"

मी हात पसरून बोटांनी अंतर दाखवलं. "तासाला वीतभरसुद्धा नाही."

बयाबाईनं माझ्या वितीकडं पाहिलं. मग मोपेडकडं पाहिलं, मग पाण्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. तिनं ओंजळभर पाणी घेऊन निळ्याच्या तापलेल्या सिलिंडरवर सोडलं, आणि काठाकडं वळून, तोंडाला दोन्ही हात लावून, अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशी ती ओरडली,

"आरं ए दादासो! पुकार की! मॅडमच जिकल्या!"